दुसरं सूत

नवाबपुरा, छत्रपती संभाजीनगर
६ मार्च

सुदर्शन,

आशीर्वाद लिहिते आहे. ठेवून घ्यायचा की परत पाठवायचा ते तू बघ.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. चाळिशी आली, दोन लेकरांचा बाप झालास, आणि सख्ख्या अक्काशी कट्टी! लहानपणी तुझ्या वाटचा गूळ मी खाल्ला की माळ्यावर जाऊन बसायचास, तेच हे. तेव्हा निदान भूक लागली की खाली तरी यायचास. फोन नाही तर पत्र. पत्र ब्लॉक करायची सोय तुमच्या सिल्लोडच्या पोस्टात अजून झालेली नाही.

सभेचं आता गावभर मीठमसाला लावून चाललं असेल. म्हणून माझ्या तोंडून ऐक, जरी तू तिसऱ्या रांगेत हजर होतास. दिल्लीचे साहेब आले होते. विषय एकच, बाहेरून येणाऱ्या रेशमावर देशानं शुल्क वाढवावं की नाही. एका बाजूला तुम्ही तुती लावून, अळ्या पाळून कोष काढणारे, दुसऱ्या बाजूला आम्ही माग चालवणारे. तुमच्यातला तो सोयगावचा शेतकरी चांगला बोलला. चीन स्वस्तात सूत ओततो, आमचा कोष घरात पडून राहतो, सरकारनं दाराला कडी लावावी, म्हणाला. मलासुद्धा पटण्याची वेळ आली होती.

मग आमच्याकडून मला उभं केलं. मी काय सांगितलं? माझ्या कारखान्यात सात माग आहेत आणि त्यांवर सात घरं जेवतात. मागावर जे उभे धागे ताणून धरतात, त्या ताण्याला मला चीनचंच सूत लागतं, कारण ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं असतं. आपलं सूत आडव्या बाण्याला चालतं. ताण्याचं सूत महाग केलं की पैठणी महाग, गिऱ्हाईक मशीनवरची साडी घेऊन मोकळं, आणि माझे माग सरपणाला. यात खोटं काय आहे सांग.

आणि ती लडी. दर दिवाळीला तू आपल्या कोषांचं सूत काढवून मला एक लडी देतोस, तीच मी पिशवीत नेली होती. "हे माझ्या सख्ख्या भावाचं सूत," म्हणाले, आणि दोन बोटांत धरून ओढलं. तुटलं. लोक हसले, टाळ्या पडल्या. मग चीनची लडी उजेडात धरून चमक दाखवली. नुसतं बोलून कुणाला पटत नाही रे, दाखवावं लागतं.

तुला इतकं झोंबलं होतं तर तिथंच उठायचं होतंस. शाळेत वादविवादाची ढाल तूच आणायचास ना? माईक तुझ्यापर्यंत आला होता, मी पाहिलं. हातात घेतलास आणि पुढच्याला दिलास. तिथं तोंड शिवून बसायचं आणि घरी जाऊन बहिणीचा नंबर बंद करायचा, याला काय म्हणायचं?

आईला सांग, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर पाठवते.

तुझी अजून तरी
अक्का

---

२४ मार्च

सुदर्शन,

काल आईनं तुझ्या लेकीच्या, संस्कृतीच्या मोबाइलवरून चोरून फोन केला. तू कोष विकायला नेलेस आणि तसेच भरून परत आणलेस, म्हणाली. व्यापाऱ्यानं ढिगात हात घातला, मग खिशातून मोबाइल काढला आणि चारचौघांत माझा तो सभेतला, कुणी तरी काढून ग्रुपवर फिरवलेला व्हिडिओ लावला. "तुझी बहीणच सांगती सूत तुटतंय म्हणून, मी काय भाव देऊ?" तू पोती परत गाडीत टाकलीस.

हा कसला नीचपणा! त्या व्यापाऱ्याचं थोबाड फोडावंसं वाटलं मला. पण राग बाजूला ठेव आणि विचार कर. भाव माझ्या व्हिडिओनं पडला का? तो वर्षभर पडतच होता. तूच मागच्या दिवाळीला अंगणात बसून तासभर चीनच्या नावानं शिव्या दिल्यास. व्यापाऱ्याला निमित्त हवं होतं. माझा व्हिडिओ नसता तर कोषांवर डाग आहेत म्हणाला असता.

शमशाद आपाला हे सांगितलं. तू तिला ओळखतोस, माझ्याकडची सगळ्यात जुनी कारागीर, तिच्या घरात आजोबांपासून हिमरूच्या शाली विणायचे. ताणा लावण्यात तिचा हात धरणारं या शहरात आता कुणी उरलं नाही. मला वाटलं ती माझी बाजू घेईल, तिचंही पोट ताण्यावरच आहे. तर तिनं तोंडातला धागा काढला आणि म्हणाली, "बाजी, बात सच्ची थी तुम्हारी. मगर इत्ते लोगां में भाई का नाम कायकू लिए? सूत किसी का भी रहता, सूतच रहता."

मी म्हटलं, नाव घेतलं म्हणून लोकांनी ऐकलं. ती परत धागे मोजायला लागली. दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलली.

तुझ्या बाजूनंही मी विचार करते, तुला वाटतं तशी दगड नाही. कडी लावली तर तुला भाव मिळेल, मान्य. पण माझ्या सात घरांनी तोवर काय खायचं? कुठल्या तरी एकाच्या ताटातून काढल्याशिवाय दुसऱ्याच्या ताटात पडत नाही, असं हे शुल्काचं गणित आहे, आणि ते आपल्या घरात आलं हे आपलं नशीब. याचं उत्तर तुझ्याकडं असेल तर लिही. वाद घाल माझ्याशी. गप्प बसू नकोस.

कोष घरात ठेवू नकोस फार दिवस. तुला मी सांगायचं म्हणजे हसशील, पण ठेवू नकोस.

अक्का

---

२ एप्रिल

सुदर्शन,

काल मी येऊन गेले ते तुला माहीत आहे. तू शेडमध्ये होतास आणि दार आतून लावलेलं होतं.

मी आयुष्यभर रेशीम हाताळलं, पण कोषातून पाखरं फुटलेली कधी पाहिली नव्हती. आमच्यापर्यंत येतं ते सूत. पाखरू बाहेर पडलं की कोषाला भोक आणि त्याचं सूत निघत नाही, हे पाठ होतं, पण पाहिलं काल. भिंतीवर, देवळीत, आईच्या उशीवर, पांढरीफेक. उडताही येत नाही त्यांना. नुसती फडफडतात. आई खराट्यानं लोटत होती आणि लोटता लोटता त्यांना "हो बाजूला, हो बाजूला" म्हणत होती, कोंबड्यांना म्हणावं तसं. तिनं मला ओट्यावरच पाणी दिलं. आत ये म्हणाली नाही. माझ्या माहेरात मी ओट्यावर बसून पाणी प्यायले, सुदर्शन.

मी दारावर थाप मारली तर तू आतून एवढंच म्हणालास, "अक्का, आता सूत तुटायचा सवालच नाय. जा तू."

परत येताना फुलंब्रीपर्यंत मी रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का? मी हो म्हणाले. काय सांगणार होते तिला, आयातशुल्क?

मला तुझी आठवण येते. भांडायला का होईना, फोन कर.

अक्का

---

१६ जून

सुदर्शन,

अभिनंदन. जिंकलात. शुल्क वाढलं.

शहागंजातल्या सूतवाल्यानं त्याच दुपारी शटर अर्धं ओढलं. माल नाही म्हणतो. माल आहे, मला वास येतो, पण उद्याच्या भावासाठी दाबून ठेवलाय. दिलं तेव्हा अशा भावानं दिलं की हिशेब करताना माझाच हात थांबला. तीन माग बंद केले. दोन पोरं वाळूजच्या कंपनीत लागली, पुठ्ठ्याची खोकी चिकटवतात. पाच वर्षं मोर विणायला शिकवलं त्यांना मी. शमशाद आपाला मी अर्धा दिवस ये म्हणाले. तिनं मान हलवली आणि पूर्ण दिवस येते, अर्ध्याचीच मजुरी घेते. मला तिच्याकडं बघवत नाही.

हे लिहिताना मला वाटत होतं की तू तिकडं पेढे वाटत असशील. जळून लिहायला बसले होते. तेवढ्यात आईचा फोन आला. कोषाला अजून भाव नाहीच, म्हणाली. सूत काढणारे म्हणतात, शहरातले माग बंद पडायला लागले, सूत घेणार कोण? म्हणजे माझे तीन माग बंद पडले म्हणून तुझा कोष पडून, आणि तुझं सूत नको म्हणाले म्हणून माझे माग बंद. आता सांग कोण जिंकलं.

आणि तू तुती उपटणार आहेस, हे खरं का? सगळी? मका लावणार? आईनं सांगितलं, तिनं विरोध केला तर तू म्हणालास, "दिल्लीचा कागद सकाळी एक असतोय, सांजच्याला दुसरा. आज वाढवलं, उद्या उतरवतील. तुती लावली की पंधरा वर्सं उभी राहती. कागदाच्या भरवशावर झाड लावत नसतेत, आई."

हे तू सभेत बोलायला हवं होतंस. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी जेवढे बोलले, मी धरून, त्या सगळ्यांत हे एकच बोलणं असं आहे की ज्याला माझ्याकडं उत्तर नाही. शुल्क असावं की नसावं यावर मी रात्रंदिवस भांडेन, पण ते रोज बदलू नये यावर भांडायला दोघांनी एकत्र जायला हवं होतं.

पण उपटू नकोस. तुझी तुती मोडली तर तालुक्यातला शेवटचा धड कोष गेला. मी धंद्याचं बोलते आहे, लाडीगोडी नाही. मला आता तुझं सूत लागणार आहे. सगळं घेते. ताण्यालासुद्धा.

हो, ताण्याला. हस.

अक्का

---

२१ जुलै

सुदर्शन,

एक बातमी आहे आणि ती तुला सांगायला मी मरते आहे.

तुझ्या जुन्या लड्या माझ्याकडं कपाटात होत्या, दिवाळीच्या, गेल्या कित्येक वर्षांच्या. जपूनच ठेवायचे मी त्या, विणल्या नव्हत्या. शमशाद आपानं त्या काढल्या, नीट पीळ दिला, तांदळाची पातळ खळ तीनदा दिली, सावलीत वाळवल्या आणि ताणा लावला. मी बाजूला उभी होते, आज तुटणार, आता तुटणार म्हणत. सहा दिवस माग चालला. तुटलं, नाही असं नाही, पण चीनचंही तुटतं तेवढंच. आपा म्हणाली, "सूत अच्छा है बाजी. उसको नहलाना-धुलाना पडता, बस."

हातभर कापड उतरलंय. राखाडी, काठाला डाळिंबी. ते घेऊन मी पंचमीला येते. एका पुण्याच्या बाईंना फोटो पाठवला, त्यांना आपल्या मराठवाड्याच्या मातीतल्याच सुताची पैठणी हवी आहे, एक नाही, पुष्कळ. म्हणजे तुझे कोष आणि माझे माग, चीन नाही, दिल्ली नाही. आपण दोघं बसून भाव ठरवू, कागद बदलला तरी आपला भाव बदलायचा नाही असं.

आई म्हणत होती, तुती उपटायला जेसीबीवाल्या धोंडिबाशी तुझं बोलणं झालंय, पंचमीच्या आसपास येईल. मग म्हटलं, आसपास म्हणजे नंतरच. पंचमीच्या दिवशी आपल्याकडं विळीसुद्धा खाली उतरत नाही, कुणी मातीत खुरपं घालत नाही. तोवर हातातल्या ऑर्डरीचं विणकाम आहे, पुण्याच्या बाईंशी बोलणं पक्कं करायचं आहे, ते उरकून निवांत येते.

चतुर्थीचा भावाचा उपास यंदाही धरणार आहे. तुझ्यावर रुसून पाणीसुद्धा पिणार नाही, बघ.

अक्का

---

३० जुलै

सुदर्शन,

काल तू जे बोललास ते मी लिहून काढते आहे. तिथं मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. ऐकू आलं होतं.

फाट्यावर उतरले तेव्हाच घरघर ऐकली. वाटलं रस्त्याचं काम असेल. लिंबाला झोका बांधलेला, पण झोक्यावर कुणी नव्हतं. वारुळाला निघालेल्या बायका हातात ताटं घेऊन आपल्या रानाकडं तोंड करून उभ्या होत्या. मग दिसलं. पंचमीच्या दिवशी, सुदर्शन! निम्मं रान उलटं झालं होतं, तुतीची मुळं वर, हिरवा पाला मातीत.

मी धोंडिबाच्या अंगावर धावून गेले. त्यानं मशीन बंदसुद्धा केलं नाही, वरूनच ओरडला, "मला नगा बोलू अक्का. यरवी मशीन कुठं मोकळं आसतंय? आज कुणीच मातीला हात लावीना, म्हणून मोकळं. सुदर्शनभाऊच म्हणले, आजच ये."

मी पंचमीवर विसंबले आणि तीच मला नडली. आई बांधावर बसली होती. दुधाची वाटी आणि लाह्या तिनं वारुळाला न नेता त्या उकरलेल्या मातीत सांडल्या आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. घरात दिंडं उकडून ठेवलेली, कुणी तोंड लावलं नाही.

मी तुला कापड दाखवलं. तू अंगठ्यानं चाचपलंस, उलटं केलंस, उन्हात धरलंस, तुतीचं पान बघतोस तसं. "चांगलं झालंय," म्हणालास. मी म्हटलं, थांबव, अजून निम्मं आहे, पत्रं मिळाली नाहीत का तुला?

"मिळाली. समदी वाचली. येवढ्या पत्रांत शुल्क हाय, चीन हाय, दिल्ली हाय. लई चांगलं लिवती तू. पर त्या दिवशी काय केलंस ते कुठंच नाय."

काय केलं मी?

"दुसरं सूत वढलंच नाय तू."

मी म्हटलं, काय? ऐकू येत नाही.

"चीनचं सूत. माझं वढलं आन तोडलं. त्येचं नुसतं उजेडात धरलं. कोरडं सूत कुणाचं बी तुटतंय अक्का, मी अळ्या पाळतो पर येवढं मला कळतंय. मला तितंच दिसलं. माईक हातात व्हता. म्हणलं, आता इचारलं, दुसरं बी वढून दाखव, तर माझ्या बहिणीचं तोंड येवढ्या लोकांत उतरंल. म्हणून माईक फुडं दिला."

मग तू धोंडिबाकडं बघून हात केलास, की चालू ठेव. मी आणखी काही म्हणाले. काय म्हणाले ते मला आठवत नाही, भावाबद्दलच काही तरी, किलोमागं किती देईन असं. तू म्हणालास, "व्हय, व्हय. पुढच्या साली बघू," आणि बांधावरून आईला उठवायला गेलास.

संध्याकाळच्या गाडीनं मी परत आले. कापड तुझ्याकडंच राहिलं. राहू दे.

अक्का

---

७ ऑगस्ट

सुदर्शन,

या पत्रात शुल्काबद्दल काही नाही.

पुण्याच्या बाईंना नाही म्हणून कळवलं. मागच्या आठवड्यात आणखी दोन माग उतरवले. शमशाद आपा म्हणाली, उरलेल्या दोनांवर ती आणि मी बसू, जोवर सूत आहे तोवर. तुझ्या लड्यांचा ताणा मागावर आहे तेवढा विणून होईल.

तिनं मला विचारलं, भाईनं काय म्हटलं? मी सांगितलं. ती म्हणाली, "मेरे कू मालूम था बाजी. वीडियो में दिखता." तिलाही दिसलं होतं. मलाही माहीत होतं. पिशवीत दोन लड्या ठेवताना मला माहीत होतं की एकच ओढायची. मला वाटत होतं सात घरं वाचवायची तर एवढं चालतं. तुझं नाव घेतलं की लोक ऐकतील, आणि तू आपलाच आहेस, तू काही बोलणार नाहीस. तू बोलला नाहीस.

माफी माग असं तू म्हणालाच नाहीस. मागते. तुती गेल्यावर मागते, तिचा उपयोग नाही, तरी मागते.

आज दुपारी आपाला मोबाइल धरायला लावला. मागासमोर बसले, तुझं नाव घेतलं, गावाचं घेतलं, म्हणाले, मार्चच्या सभेत मी अर्धंच दाखवलं होतं, उरलेलं हे. चीनची लडी घेतली, खळ न दिलेली, कोरडी, आणि तशीच दोन बोटांत धरून ओढली. ज्या ज्या ग्रुपवर पहिला फिरला होता त्या सगळ्यांवर टाकला. त्या व्यापाऱ्याचा नंबर शोधून त्यालाही पाठवला. तुला पाठवता येत नाही.

दिवस मावळला. पाहिला पुष्कळांनी, पुढं कुणी पाठवला नाही.

म्हणून तुला लिहून कळवते. तेही तुटलं.

अक्का